एकाच बाकावरचे दोन एजंट

५ जानेवारी, रविवार

अश्विनले आज मी घराबाहेर काढलं. हातातला चहा बी पुरा पिऊ दिला नाही.

म्हणे, "काका, इस बार आप आराम करो. बूथ पे हम यंग लोगों को बिठाएँगे." काल-परवाचा पोट्टा अन् मले आराम शिकवून राहिला. याच्या बापाबरोबर मी पार्टीच्या भिंती रंगवल्या. आता हा आमच्या वॉर्डाचा अध्यक्ष झाला, पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, तिकीट बी यालेच भेटन हे पक्कं, म्हणून पाय जमिनीवर नाहीत. मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. वरून काय म्हणते, "और आपको सुनाई भी कम देता है ना."

मी म्हणलं, "चल नीघ. तुहा बाप असता तर कानाखाली वाजवली असती तुह्या."

बूथ एजंट म्हणजे काय हे याले काय समजते! मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस आत बसते. मांडीवर मतदार यादी. साहेब यादीतला नंबर अन् नाव पुकारते, एजंट टिक मारते. खोटा माणूस आला तर उठून आक्षेप घ्यायचा. त्यासाठी वॉर्डातलं तोंड न् तोंड ओळखीचं पाहिजे. आमच्या तात्यापाऱ्याच्या शाळेतल्या बूथवर मी रेल्वेत नोकरीले होतो तेव्हापासून बसून राहिलो. सुट्टी टाकून बसायचो.

प्रेमला म्हणे, बरंच झालं, घरी बसा. बायको आहे का वैरीण, समजत नाही. मी नाही बसलो तर समोरच्या पार्टीचा निरंजन एकटाच बसन बाकावर, ऐटीत. ते मले चालणार नाही.

८ जानेवारी, बुधवार

झोप नाही धड. अश्विनले फोन केला, उचलला नाही. माजला साला.

निरंजनचं लिहून टाकतो एकदा, म्हणजे डोक्शातून जाईन. सख्खा लहान भाऊ. मागच्या गल्लीत राहते. तो त्या पार्टीत, मी या पार्टीत. आईच्या तेरवीपासून बोलणं बंद. त्या दिवशी आमच्या पार्टीचा नेता आला अन् नेमका त्याच वेळी त्यांचाबी आला. आईच्या फोटोले पहिला हार कोणाचा, यावरून मांडवात आमची दोघांची जुंपली. नेते बिचारे हार हातात धरून उभे. शेवटी ते दोघं एकाच जीपमध्ये बसून हसत हसत गेले, अन् आम्ही दोघं भाऊ तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहत नाही.

फक्त बूथवर. तिथं इलाज नाही. बाक एकच, तो त्याच्या पार्टीचा एजंट, मी माह्या पार्टीचा. सकाळी मशीन तपासतात त्यावर दोघांच्या सह्या लागतात, मग दिवसभर मांडीले मांडी लावून बसायचं. साहेब लोक पुटपुटतात, तर हा माह्या कानाजवळ नंबर मोठ्यानं सांगते. "एकशे बारा. एकशे तेरा, कुंभाराची सून." मी म्हणतो, मले ऐकू येते बे. तरी सांगतेच. फुकटचा शहाणपणा. जेवणाच्या वेळेस कोणाचं मत कोणी फितवलं यावर भांडतो. मजबूत भांडतो. संध्याकाळी मशीन सील झालं की तो त्याच्या रस्त्यानं, मी माह्या. नगर निगम, विधानसभा, लोकसभा, दरवेळी असंच.

तर तो बाक मी सोडणार नाही. सांगून ठेवतो.

११ जानेवारी, शनिवार

पार्टी ऑफिसात गेलो होतो, शंकर नगरले. अश्विन गोड बोलला. बोलला म्हणजे टाळलं. म्हणे, "काका, आपका एक रील बनाते हैं. पुराने कार्यकर्ता. बस ये बताना है कि आप पार्टी में क्यों हैं."

मोबाईल समोर धरला. मी म्हणलं, देशासाठी. तो म्हणे, ये सब बोलते हैं, कुछ अपना बोलो. मी म्हणलं, विकासासाठी. त्याने मिटवून टाकलं. ते पोट्टे एकमेकाले कोपरानं ढोसून हसून राहिले.

घरी येऊन विचार केला. खरंच, काहून आहे मी या पार्टीत? आमच्या गल्लीत नळ आणला तो माणूस या पार्टीचा होता, हे एक. पण तो माणूस मग तिकडे गेला, तरी मी इथंच. निरंजन तिकडे आहे म्हणून मी इकडे, का मी इकडे म्हणून तो तिकडे? पहिले कोण गेलं तेच आठवत नाही. प्रेमलाले विचारलं तर म्हणे, "तुमी दोघं लहानपणी कबड्डीत तरी एका बाजूनं खेळले का कधी?" हिले प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निरंजनची बायको रूपाली तिळगूळ घेऊन आली. मी थोरला दीर, भासरा; माह्यासमोर डोक्यावर पदर घेते अजून, तेवढी रीत आहे. वाकून पाया पडली अन् विचारते, "भाऊजी, तुमाले बूथवरून काढलं म्हणतात, खरं आहे का?"

म्हणजे प्रेमलानं हळदीकुंकवात बातमी वाटली! तिळगुळाबरोबर माही इज्जत बी वाटून आली. मी म्हणलं, "कोण काढते मले? तुह्या नवऱ्याले सांग, स्वप्न पाहू नको." तिळगूळ घेतला नाही. गोड बोलायचं असन तर तिकडे बोला.

आता तो घरी बसून हसत असन. दात काढून.

१९ जानेवारी, रविवार

घरी येऊन सरळ डायरी उघडली.

चौकात आमच्या पार्टीचा कार्यक्रम होता. नवीन लोकांचा प्रवेश. अश्विन माईकवरून एकेक नाव घेऊन राहिला, लोक वर चढून राहिले, गळ्यात पार्टीचे गमछे पडून राहिले. मी समोरच्या खुर्चीत. अन् नाव आलं, "हमारे वरिष्ठ साथी, निरंजन देवतळे जी!"

मले वाटलं माहे कान खरंच गेले. पण तोच होता. इस्त्रीचा शर्ट घालून वर गेला, अन् माह्या पार्टीचा गमछा त्याच्या गळ्यात! मांगून त्याच्या गल्लीतले कितीतरी लोक. ढोल, फटाके. ज्या पार्टीले त्यानं जन्मभर शिव्या घातल्या, त्या पार्टीचा जयजयकार केला. अन् स्टेजवरून मले शोधून राहिला, माह्याकडे पाहून हात बी हलवला. लाज नाही, शरम नाही.

मी उठलो, खुर्ची लाथेनं पाडली अन् घरी आलो. हलकट. भैताड. आयुष्यभर मी जे कमावलं ते एका दुपारी गमछा टाकून घेऊन गेला.

२० जानेवारी, सोमवार

सकाळीच अश्विन दारात. "काका, टेंशन मत लो. बूथ पे आप ही बैठोगे. पक्का." पहा! खुर्चीले एक लाथ मारली तर कसा सरळ झाला. या लोकांशी असंच वागावं लागते. पहिल्याच दिवशी मारायले पाहिजे होती.

मग म्हणे, "वो निरंजन काका ने बोला था कि..." मी म्हणलं, त्याचं नाव माह्या घरात काढू नको. गेला बापडा.

जिंकलो तर खरा. पण एक हिशेब जमून नाही राहिला. निरंजन आता आमच्याच पार्टीत. एका उमेदवाराचा बाकावर एकच माणूस. मी बसलो तर तो बाहेर. समोरच्या पार्टीचा कोण येईन? कोणीतरी उपटसुंभ, ना ओळखीचा ना पाळखीचा. त्याच्याशी मी काय भांडू?

अन् मग डोक्यात उजेड पडला. हा काही उगाच नाही आला. याले माही जागा पाहिजे. आज मले बसवतील, पुढच्या वेळेस म्हणतील, निरंजन काका वयानं लहान आहेत, त्यांचे कान चांगले आहेत. सगळा डाव आहे याचा.

२३ जानेवारी, गुरुवार

रूपाली पुन्हा आली. म्हणे, "भाऊजी, ह्यांनी तिकीट नाही मागतलं, पद नाही मागतलं. अश्विनजवळ एकच गोष्ट..." मी दार लावून घेतलं. एकच गोष्ट काय ते मले माहीत आहे. माही जागा.

प्रेमला आतून ओरडली, "ऐकून तर घ्या बाईचं!" मी म्हणलं, तू त्यांच्याकडचीच आहे. तिनं ताट आपटलं. आज भाजीत मीठ नव्हतं, अन् मी मागतलंबी नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं की सरळ भैय्यालालकडे गेलो. भैय्यालाल म्हणजे समोरच्या पार्टीचा उमेदवार. कपड्याचं दुकान आहे त्याचं. माणूस इथला मूळचा छत्तीसगढी, तोंडात साखर. इतकी वर्षं मी त्याले चौकात ऐकवलं, तरी उठून उभा राहिला. "आवव कका, बइठव."

मी म्हणलं, बसायले नाही आलो, पार्टीत यायले आलो.

तो पाहतच राहिला. मग हळूच विचारते, "क्या चाहिए कका?" त्यालेबी माहीत आहे, फुकट कोणी इकडचं तिकडे होत नाही. मी म्हणलं, शाळेच्या बूथवर तुहा एजंट मी. दुसरं काही नको. तो म्हणे, "बस? इतना ही?" अन् खो खो हसला. "हव कका, हव. वो जगह तो खाली ही है, आपके भाई की थी."

गळ्यात गमछा टाकला. मानेले भलता टोचत होता, नवा कोरा. पण मजा आली. आता पाहू म्हणलं. अश्विन झक मारत निरंजनलेच बसवन बूथवर, अन् मी त्याच्या समोर, त्याचीच जुनी जागा घेऊन. दिवसभर असा सोलतो त्याले की गमछा बदलल्याचा पस्तावा होईन.

घरी आलो. प्रेमलानं माह्या गळ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर घेऊन बसली. हसत होती का रडत होती, मी पाहायले गेलो नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

नवीन पार्टीत कोणी मले ओळखत नाही. म्हणजे ओळखतात, पण माणूस म्हणून नाही, "निरंजन भैया के बड़े भाई" म्हणून. पानठेल्यावर लोक विचारतात, "काका, आज कोनसी पार्टी?" एकाची कॉलर धरली.

काल रॅलीत गोंधळ झाला. मी जोशात हात वर करून ओरडलो, "जीतेगा भाई जीतेगा," अन् सवयीनं निघून गेलं, "अश्विन भैया जीतेगा!" भैय्यालाल समोर चालला होता. वळून पाहिलं त्यानं. लोक पोट धरून हसले. मले जमीन फाटावी असं झालं.

प्रेमला म्हणते, अजून वेळ गेली नाही, गमछा परत करा अन् निरंजनले भेटा. काहून भेटू? मी काय चुकलो? पार्टी त्यानं बदलली. मी फक्त उत्तर दिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. मतदान

दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. सातच्या आत शाळेत. मशीन तपासायचं होतं. बाक तोच. मी बसलो अन् दाराकडे पाहत राहिलो. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेलो होतो.

अश्विनच्या बाजूनं विकी आला. अश्विनचा मामेभाऊ, तात्यापाऱ्याचा दोन वर्षांपासूनचा रहिवासी. मी म्हणलं, निरंजन कुठं आहे? विकी म्हणे, "वो बैठने को तैयार नहीं हुए. बोले, वो सीट दादा की है, मैं नहीं बैठूँगा."

मले काही समजलं नाही. कोण दादा? मग समजलं, मीच.

दुपारपर्यंत तसाच बसलो. मोबाईल बाहेर ठेवायचा असते, म्हणून विकीचे हात नुसते चाळवून राहिले. त्याले ना कोणाचं तोंड माहीत, ना नाव. मले साहेबाचे नंबर ऐकू येईनात. विचारलं तर विकी "क्या पता काका." शाळेची घंटा बी वाजत नाही मतदानाच्या दिवशी, वेळच सरत नव्हती.

जेवणानंतर निरंजन आला, रूपालीसोबत. रांगेत उभा. माह्या जुन्या पार्टीचा गमछा बाहेर काढून ठेवला होता, नियम पाळते तो. माह्याकडे पाहिलंबी नाही. साहेबानं नाव पुकारलं अन् आता शाई लावन, बटन दाबन अन् निघून जाईन, हे मले दिसलं. पाच मिनिटं बी नाही लागत मताले.

मी उठून उभा राहिलो अन् ओरडलो, "आक्षेप! मैं इनको नहीं पहचानता."

का ओरडलो? देव जाणे. तोंडातून निघून गेलं. मुख्य अधिकारी म्हणजे एक मॅडम होत्या, कोण्या कॉलेजच्या. त्या दमलेल्या, वैतागलेल्या. म्हणाल्या, आपत्ति है तो जाँच करनी पड़ेगी, फीस भरो. मी भरली. निरंजनले म्हणे, आप उधर बैठिए. दुसरी जागाच नव्हती. तो बाकावर येऊन बसला, माह्या बाजूले.

मॅडम नियमांचं पुस्तक काढून पानं चाळत होत्या. तोवर दुसऱ्या साहेबानं बायकांची रांग समोर घेतली. तो पुटपुटला. अन् निरंजन सवयीनं माह्या कानाशी वळला, "दोनशे चवदा." मी टिक मारली.

मग तो दात खाऊन म्हणे, हळूच, "अश्विन तुले काढून राहिला होता. मी म्हणलं, दादाले बूथवर ठेवत असशीन तर माही गल्ली घेऊन तुह्या पार्टीत येतो, नाहीतर नाही. जन्मभराची पार्टी सोडली मी. अन् तू? तू स्वतःच उठून गेला बे. अन् वरून मले ओळखत नाही?"

मी यादीवरची तीच टिक गिरवत राहिलो.

मॅडमनं निरंजनचं कार्ड घेतलं. "निरंजन गोविंदराव देवतळे." मग मले विचारलं, "और आपका नाम?" सांगतलं, नरहरी गोविंदराव देवतळे. त्यांनी चष्मा वर केला. एकदा त्याच्याकडे, एकदा माह्याकडे. आमचं नाक सारखं आहे, सगळेच म्हणतात.

"ये आपके कौन हैं?"

निरंजन समोर भिंतीकडे पाहत होता. रूपालीनं पदर तोंडात धरला होता. मी म्हणलं, "छोटा भाई है."

"तो फिर आपत्ति किस बात की है?"

रांगेतले लोक हसून राहिले. मी पेनाचं टोपण लावलं. मॅडमनं आक्षेप फेटाळला, निरंजननं मत दिलं अन् निघून गेला. मले लय वाईट वाटलं. आईच्या तेरवीतबी इतकं नव्हतं वाटलं. पाच वाजेपर्यंत मी कसा बसलो, माहं मले माहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

गमछा घरी ठेवून मागच्या गल्लीत गेलो. निरंजन ओट्यावर बसून दात कोरत होता. "या" म्हणलं नाही.

मी म्हणलं, "आक्षेप मागे घ्यायले आलो."

तो म्हणे, "चारचौघांत घेतला होता ना? मग चारचौघांतच मागे घे. बूथवर. तिथंच."

"आता कुठलं बूथ? मशीन गेलं, शाळा भरली."

"मग पुढच्या वेळेस घे." अन् आत गेला. रूपाली चहाचं विचारायले आली, त्यानं आतूनच तिले हाक मारली. हट्टी साला. लहानपणापासून असाच.

तिथून परतताना भैय्यालालच्या दुकानात गेलो. म्हणलं, विधानसभेलेबी मी तुहाच एजंट, पक्कं समज. तिकडे अश्विनलेबी निरोप धाडला की निरंजनलेच बसव, विकीले नाही. दुसऱ्या पार्टीत राहिलो तरच बाकावर दोघांले जागा भेटते, एका पार्टीत नाही. म्हणून मी आता इथून हलत नाही. तोबी तिकडून हलला नाही पाहिजे. एवढा हिशेब मले समजते.

प्रेमलाले सगळं सांगतलं. विधानसभेले चार वर्षं आहेत, ती म्हणे. तुमचं वय पहा, त्याची शुगर पहा. मागच्या गल्लीत तर राहते तो, उद्या पुन्हा जा, परवा पुन्हा जा, ओट्यावर बसून राहा. चार वर्षं काहून थांबता?

मी म्हणलं, तुले राजकारण समजत नाही.